मोठ्याने वाचून मगच पेटीत टाक

पुलगाव,
दि. १२ जुलै १९७८

ती. स्व. अण्णामामा यांसी,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमची व देवकामामींची खुशाली कळवावी. पाऊस बरा आहे. केळझरला पराटी टोबून कपाशीची पेरणी झाली असेल. चंदाला चौथीत घातले. तिला नवे दप्तर हवे होते, पण मी जुन्यालाच कापड लावून दिले. रुसली होती, आता बरी आहे.

चैत्रात तुम्ही यांच्या मातीला आलात तेव्हा तुमचा घसा पार बसला होता. रडून बसला असे बायका म्हणत होत्या. तेरवीला तुम्हाला ताप होता, तो उतरला असेल. सासूबाई रुख्माबाई आष्टीहून येऊन गेल्या. वर्ष होईतो माहेरी किंवा मामाकडे पाऊल टाकायचे नाही, मिलमध्ये जातेस तेवढेच पुष्कळ झाले, असे बजावून गेल्या. येथील तेलाच्या मिलमध्ये यांची पत्रव्यवहाराची जागा शेठजींनी मला दिली, हे तुमच्या कानावर आलेच असेल. माझे मॅट्रिक कामी आले म्हणायचे.

मामींना नमस्कार. लोभ आहे तो असाच राहू द्यावा.

तुमची,
नलू

ता. क. मामा, मला वाचवा. पहिल्याच दिवशी टेबलावरचा फोन वाजला. कोणी सरकीच्या ढेपेचा भाव विचारत होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला आणि गोदामात जाऊन उभी राहिले. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याला तेलाची रिकामी पिंपे परत पाठवा म्हणून पत्र लिहायचे होते. त्यात मी आधी त्यांच्या मुलाबाळांची खुशाली विचारली, पावसाचे लिहिले, आणि पिंपाचे सहीखाली. मॅनेजर प्रभाकररावांनी ते साऱ्या ऑफिसला वाचून दाखवले. सगळे हसले. शेठजींनी सांगितले की दिवाळीनंतर बघू, काम आले नाही तर जागा आणि मिलची खोली दोन्ही सोडावी लागेल. यांचे थोरले भाऊ, आमचे भासरे रूपराव म्हणाले की मग आष्टीलाच ये, घरात हात कमीच आहेत, आणि पोरीले चवथीपर्यंतची शाळा पुरे झाली. तुम्ही वर्ध्याच्या कापूस-दलालाच्या पेढीत जन्मभर पत्रव्यवहार सांभाळला. एखाद्या रविवारी या आणि मला शिकवा. मला दुसरे कोणी नाही.


केळझर,
दि. १७ जुलै १९७८

चि. नलू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नावामागे काय लिहावे म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसलो. चैत्रापर्यंत सौ. लिहीत होतो. आता जे लिहायची रीत आहे ते लिहायला माझा हात तयार नाही. तेव्हा नुसती नलू.

प्रभाकरराव हसले ते बरोबरच हसले. मलाही तू तसेच पत्र लिहिलेस. घराला आग लागल्याची बातमी ता. क. मध्ये, आणि वर दप्तराचे कापड! नमनाला घडाभर तेल ते हेच. तेलाच्या मिलमध्ये आहेस म्हणून एवढे सांडायला हवे असे नाही. आपल्या घरच्या पत्रांची रीतच अशी आहे, बाई. आधी सर्व क्षेम म्हणायचे, वाईट असेल ते शेवटी लिहायचे, आणि जमले तर तेही लिहायचे नाही. घरचे माणूस न लिहिलेलेही समजून घेते. व्यापारी पत्र वाचतो तो उभ्याने, एका हातात चहाचा कप धरून. त्याला पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे की तू का लिहिलेस. पिंपे हवी असतील तर पहिला शब्द पिंप. एका पत्रात एकच काम. आणि शेवटी त्याने काय करायचे व कोणत्या तारखेच्या आत, ते स्पष्ट.

आणि एक नियम असा की तो मोडलास तर मी तुझा मामा नाही. लिहून झाले की पत्र मोठ्याने वाचायचे. चंदाला समोर बसव आणि तिला ऐकव. जिथे तुझी जीभ अडेल तिथे वाचणाऱ्याचे डोके अडते, ते वाक्य पुन्हा लिही. मोठ्याने वाचून मगच पेटीत टाक. माझ्या हातचे एकही पत्र पेढीतून न वाचता गेले नाही. मी वाचायला लागलो की समोरचा पानवाला गिऱ्हाईक थांबवून ऐकायचा.

फोनचे म्हणशील तर उभे राहून बोल. बसून बोलले की आवाज पोटात राहतो. आधी मिलचे नाव सांग, मग तुझे, मग काम. घरी भांडी घासताना भांड्यांना भाव सांगत जा. ती उलटून बोलत नाहीत. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही, हे ध्यानात ठेव.

येणे मात्र होत नाही. गुडघा धरला आहे. तू मसुदे पाठवत जा, मी लाल शाईने सुधारून परत पाठवीन. मामीने तुमच्यासाठी कुरडया बांधून ठेवल्या आहेत, कोणी येणारा मिळाला की पाठवते.

आठवण ठेवून लिहीत राहा, आम्ही वाट बघतो.

तुझा मामा,
अण्णाजी


पुलगाव,
दि. ५ सप्टेंबर १९७८

ती. स्व. अण्णामामा यांसी,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

मला फोनवर बोलता येत नाही, ते कसे बोलावे हे प्रत्यक्ष दाखवायला तुम्ही याच. पाहा, मुद्दा पहिल्या वाक्यात आला की नाही?

पत्रे जमू लागली आहेत. तुमच्या लाल शाईने चारदा मार खाल्लेले पिंपाचे पत्र शेवटी गेले आणि पिंपे आली. प्रभाकरराव काही बोलले नाहीत, म्हणजे बरे असावे. चंदा तर आता मास्तरीण झाली आहे. मी वाचताना अडले की ती पाटीवर खडू आपटते.

पण फोनचे अजून अडते आहे. हे बोलायचे तसे पुस्तकी बोलायला जाते. आपणांस कळविण्यात येते की, एवढे म्हणून होते आणि पुढचे सुचत नाही. घाबरले की घरचे बोल बाहेर येतात. परवा एका मोठ्या गिऱ्हाइकाला मी सांगून बसले की ढेपेचा ट्रक कालच गेलता, तुमाले पोचला नाई का. प्रभाकररावांनी दुसऱ्या टेबलावरून ऐकले आणि दिवसभर ऑफिसात मले-तुमाले चालू ठेवले. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. ही नोकरी गेली तर मी आष्टीला जाईन आणि पुन्हा बाहेर निघणार नाही, हे मला दिसते आहे. चंदाही निघणार नाही.

पोळ्याला तरी याल असे वाटले होते. कोणीतरी सांगितले की तुम्ही वर्ध्याच्या बसस्टँडवर दिसलात. त्याने हाक मारली, तुम्ही नुसता हात हलवला आणि गर्दीत गेलात. मग गुडघा एवढा दुखत नसावा. मामा, विधवेचे पाऊल दारात नको असे तुम्हालाही वाटते का? तसे असेल तर तसे लिहा. मी राग मानणार नाही. मानीन, पण लिहा.

मामींना नमस्कार. तुमचा जीव आमच्यावरून उडू देऊ नका.

तुमची,
नलू


केळझर,
दि. ११ सप्टेंबर १९७८

चि. नलू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पाऊल माझ्या दारात नको असे जो म्हणेल त्याच्यासाठी देवका मुसळ घेऊन बसली आहे. हे पहिले वाक्य. पुन्हा असले काही लिहिलेस तर लाल शाईची बाटली ओतीन पत्रावर.

वर्ध्याला मी कामानिमित्त गेलो होतो. बस सुटत होती. बोलणे झाले नाही.

आता तुझ्या मले-तुमाले विषयी. व्यापाऱ्याला ट्रक कधी पोचेल ते हवे असते. तुझ्या बोलीला तो मार्क देत बसत नाही. तू उसनी भाषा नेसून फोनवर येतेस आणि ती सावरण्यातच तुझा जीव जातो. साधे बोल, सावकाश बोल, तुझे घरचे शब्द आले तर येऊ देत. नागपूरचे शेठ लोक तरी कोणती शुद्ध बोलतात? अर्धी हिंदी, अर्धी आपली, आणि लाखांचे सौदे करतात. प्रभाकररावांना हसू दे. त्यांना हसण्याचाच पगार असेल.

बोलण्याआधी पाण्याचा घोट घे. काय सांगायचे ते एका ओळीत कागदावर लिहून समोर ठेव. समोरचा चिडला तर आवाज चढवू नको, उलट उतरव. चिडलेल्या माणसाला हळू बोललेले ऐकायला स्वतः गप्प व्हावे लागते.

इथे गणपती बसले. देवळात यंदा माझ्याऐवजी आरती गावातल्या बंडूजीने सांगितली. बेसूर सांगतो, पण खड्या आवाजात सांगतो. लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते. मी टाळ वाजवला.

पुढचे मसुदे लवकर पाठव. तुझ्या अक्षराची इथे दोघे वाट बघतात.

तुझा मामा,
अण्णाजी


पुलगाव,
दि. ३ नोव्हेंबर १९७८

ती. स्व. अण्णामामा यांसी,
शि. सा. न. वि. वि.

माझी नोकरी जाते आहे, आणि फक्त तुमच्या एका फोनने ती राहू शकते.

नागपूरचे ओमप्रकाश शेठ आमची निम्म्याहून जास्त ढेप घेतात. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमचे नव्या हंगामाचे पत्र त्यांच्या हातात पडते, वहीपूजनात ते वहीशेजारी ठेवतात आणि मग सौदा पक्का होतो. यंदा प्रभाकरराव रजेवर, म्हणून ते पत्र मी लिहिले. मामा, ते माझे आजवरचे सगळ्यात चांगले पत्र होते. पहिल्याच वाक्यात भाव आणि माल. चंदा एकदाही पाटीवर खडू आपटू शकली नाही. शेवटी सही करताना पेन गळले आणि खालच्या कोपऱ्यावर शाईचा डाग पडला. छापील कागद तेवढा एकच उरला होता. मी डागाचा कोपरा नखाने दुमडून नीट फाडून टाकला, पाकिटात घातले आणि पाठवले. माझ्या मनात काहीच आले नाही.

चैत्रात यांच्या मयताची कार्डे सुटली तेव्हा भासऱ्यांचे अक्षर कोणाला लागत नाही म्हणून पत्ते मीच लिहिले होते, आणि मयताची खूण म्हणून एकेका कार्डाचा कोपरा मीच फाडला होता. त्या हाताला कोपरा फाडणे म्हणजे आता पत्र पुरे करणे झाले असावे. दुसरे काय सांगू?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पूजेच्या पाटावर, ओमप्रकाश शेठच्या हाती कोपरा फाटलेले पत्र पडले. ते कोणी वाचलेच नाही. त्यांच्या म्हाताऱ्या आईने ते काडीने उचलून बाहेर टाकले, घरातल्या सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या, आणि पूजेचा मुहूर्त टळला. त्यांच्या मुनीमाने फोन करून आमच्या शेठजींना सांगितले की सणाच्या दिवशी मयताची चिठी पाठवणाऱ्या घरचा दाणासुद्धा नको. शेठजी माझ्यावर ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले की बाई, महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करा. त्यांनी ओरडायला हवे होते.

ओमप्रकाश शेठच्या वडिलांचे आणि तुमच्या पेढीचे किती वर्षांचे संबंध! तुमचा आवाज त्या घरात सगळे ओळखतात, हे तुम्हीच सांगायचात. मामा, एकदा फोन करा. पोर विधवा आहे, चुकली, एवढेच म्हणा. मी जन्मात पुन्हा काही मागणार नाही. चंदाने दप्तर भरून ठेवले आहे आणि आष्टीला नेऊ नको म्हणून माझ्या मागे मागे फिरते आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

तुमची,
नलू


केळझर,
दि. ६ नोव्हेंबर १९७८

चि. नलू हिस आशीर्वाद.

मी फोन करणार नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढे वाचताना तू आशा धरणार नाहीस.

फोन तू करशील. मुनीमाशी बोलू नको, ओमप्रकाशलाच मागून घे. मिलचे नाव, तुझे नाव, आणि लगेच दुसऱ्या वाक्यात चूक. डाग पडला, कोपरा मी फाडला, असेच. प्रभाकरराव रजेवर होते, कागद संपले होते, यातले काही सांगायचे नाही. सबब आधी आली की चूक कोणी ऐकत नाही. मग थांब. तो ओरडेल, ओरडू दे. समोरचा बोलत असताना गप्प राहणे हेही बोलण्याचेच काम आहे, हे मला या वर्षात नीट कळले. त्याचे संपले की हवे ते माग. रिसीव्हर खाली ठेवीपर्यंत रडायचे नाही. नंतर हवे तेवढे.

तू मला शिव्या देशील. दे. पण उभी राहून फोन कर.

मामा


पुलगाव,
दि. ९ नोव्हेंबर १९७८

श्री. अण्णाजी यांसी,
नमस्कार.

विषय : नागपूरच्या फोनबाबत.

काल दुपारी फोन केला आणि सौदा अर्धा वाचला. आपल्या सूचनेप्रमाणे उभी होते. टेबलावर कागद ठेवला होता, पण तो वाचता आला नाही. ओमप्रकाश शेठ आले आणि त्यांनी विचारले की कोन बाई बोलून राह्यली. मी मिलचे नाव सांगितले, माझे सांगितले, आणि म्हटले की शेठजी, पत्राचा कोपरा म्या फाडला, सोताच्या हातानं. मग ते बोलत राहिले. त्यांची आई अजून जेवायला बसत नाही, वर्षभराचा अपशकुन घरात घातला, वगैरे. मी गप्प होते. त्यांचे संपले तेव्हा मला मागायचे होते ते आठवेना. तोंडून एवढेच गेले की चैत्रात माह्या मालकाचे कार्डं लिवले, तवा याच हातानं सगळे कोपरे फाडले, हाताले ध्यान राह्यलं नाई, तुमच्या मायले माहा पाया पडणं सांगा.

मग ते म्हणाले की नवे पत्र पाठवा, हळदकुंकू लावून, आणि चारही कोपरे आईला मोजून दाखवीन. यंदा निम्मा माल घेतील. बाकीचे संक्रांतीला बघतील. आमच्या शेठजींनी खोलीचे नाव काढले नाही. कायम करण्याचेही काढले नाही.

रिसीव्हर ठेवून मी गोदामात गेले आणि ढेपेच्या थप्पीमागे रडले. तेव्हा आनंद नव्हता. माझ्या माणसाने मला एकटीला पुढे ढकलले आणि काठावर बसून पाहिले, याचे रडू होते.

म्हणून एका पत्रात एकच काम हा आपला नियम मोडून दुसरे काम लिहिते. वैशाखापासून तुम्ही आला नाहीत, दिसलात तर बोलला नाहीत, आणि मी बुडत असताना एक फोन केला नाहीत. का? उत्तर पहिल्या वाक्यात द्यावे, आणि आठवड्याच्या आत द्यावे.

आपली विश्वासू,
नलू


केळझर,
दि. १३ नोव्हेंबर १९७८

चि. नलू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

विषय : मी का येत नाही.

मला आवाज राहिला नाही. बबनरावांच्या मातीला घसा बसला होता तो रडून नव्हे, घशात गाठ होती. तेरवीच्या दिवशी मी नागपूरला दवाखान्यात होतो. वैशाखात डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली. गळ्याला भोक आहे, त्यावर देवका रुमाल बांधते. पाटीवर लिहून बोलतो, आणि तिला वाचता येत नाही म्हणून तिच्याशी हातवारे करतो. आम्ही दोघे म्हातारपणी एकमेकांशी भांडूही शकत नाही.

तुला कळवायला बसलो आणि तुझे पहिले पत्र आले. मला दुसरे कोणी नाही, असे तू लिहिले होतेस. त्यावर काय लिहिणार होतो? घरच्या पत्राची रीत मी तुला हसून सांगितली आणि मीच पाळली. गुडघा लिहिला.

तुझे तीन तारखेचे पत्र आले तेव्हा मला भानच राहिले नाही. चपला घातल्या, एसटीने सेलूचे पोस्ट गाठले आणि ट्रंक कॉलच्या रांगेत उभा राहिलो. मनात ओमप्रकाशशी काय बोलायचे ते पहिले वाक्य जुळवत होतो. छान जुळले होते. माझा नंबर आला, बाबूने विचारले की कुठचा लावू, आणि मी तोंड उघडले. नुसती हवा गेली. तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मागचे लोक ढकलू लागले. मी बाजूला झालो, बाहेर पायरीवर बसलो आणि घरी येऊन तुला ते कडू पत्र लिहिले. पोरी, मी काठावर बसून पाहत नव्हतो.

तुझे फोनचे वर्णन मी कितीदा वाचले. पाया पडणे सांगितलेस ते मला सुचले नसते. आता तुला शिकवायचे माझ्याकडे काही उरले नाही.

एक सल आहे तेवढी लिहितो. मोठ्याने वाचून मगच पेटीत टाक असे तुला बजावत राहिलो, पण माझी ही सारी पत्रे न वाचताच गेली. एकही मला कानाने ऐकता आले नाही. कुठे कुठे जीभ अडली असती कोण जाणे.

मानेला पुन्हा काहीतरी हाताला लागते आहे. पुढच्या महिन्यात नागपूरला बोलावले आहे. काळजी करू नको असे लिहिणार होतो. आता नाही लिहीत.

तुझा मामा,
अण्णाजी


पुलगाव,
दि. १६ नोव्हेंबर १९७८

ती. स्व. मामा,

मी रविवारी चंदाला घेऊन येते आहे, सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्यापर्यंत आणि पुढे एसटीने.

वर्ष व्हायचे आहे, ठाऊक आहे. सासूबाईंना कालच लिहिले, पहिल्याच वाक्यात, की मी केळझरला जाते आहे. पत्रात सर्व क्षेम असे कुठे लिहिले नाही. त्या रागावतील, भासरेही रागावतील. त्यांचे उत्तर येईतो मी तुमच्या दारात असेन. पुढच्या महिन्यात नागपूरला मी बरोबर येणार. तिथे डॉक्टरांशी बोलायला कोणीतरी लागेलच.

तुमची सगळी पत्रे बरोबर आणते. अंगणात तुमच्यासमोर उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवते. मामींनाही ऐकू द्या, त्यांनी तुमचे शब्द किती दिवसांत ऐकले नाहीत. जिथे माझी जीभ अडेल तिथे तुम्ही पाटीवर खडू आपटा. चंदाकडून शिकून घ्या, ती छान आपटते.

नियमाप्रमाणे हे पत्र वाचायला घेतले. पहिल्या दोन ओळींपुढे मला जाता आले नाही. पुढचे चंदाने वाचले, मोठ्याने, कुठेही न अडता. आता पेटीत टाकते.

तुमची,
नलू